भुतंसुद्धा नामवंतांचीच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत जगातल्या झपाटलेल्या थिएटरांवर लेख आला होता, त्यातला वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरचा भाग वाचून हे पत्र लिहितोय. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त १८९३ सालाबद्दल जे लिहिलंय ते ठेवा. लेखात गोष्ट अशी होती की मुळात ते चर्च होतं, देवाच्या घरात नाटकं करायला घेतली म्हणून चर्चच्या एका माणसानं शाप दिला, मग आग लागली, मग लिंकनचा खून झाला, मग इमारतच कोसळली आणि आजही स्टेजवर खुन्याचं भूत फिरतं. सगळं दहा-बारा ओळीत. वाचायला मजा येते, नाही कशाला म्हणू. मला स्वतःला भुताच्या गोष्टी आवडतात, हौशी नाटकांची लाइट्स करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय आणि नाटकवाल्यांइतका भुताखेतांवर जीव असणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पण या गोष्टीत एक गोम आहे. शाप म्हटला की ज्यांनी खरोखर हलगर्जीपणा केला ते सगळे सहीसलामत सुटतात आणि जे हकनाक मेले ते गोष्टीत नुसते आकडा म्हणून उरतात, कधी कधी तेवढेही नाही. तुमच्या लेखात तर कोसळलेल्या इमारतीखाली माणसं मेली हेसुद्धा लिहिलेलं नाही!

आधी चर्चचं बघू. टेन्थ स्ट्रीटवरची ती वास्तू १८३३ची, फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची. १८५९ मधे हे लोक दुसऱ्या एका बॅप्टिस्ट मंडळीत सामील झाले आणि तिकडे निघून गेले, म्हणजे चर्च कुणी हिसकावून घेतलं नव्हतं, ते रिकामं पडलं होतं. १८६१च्या डिसेंबरात बाल्टिमोरचा नाट्यव्यावसायिक जॉन टी. फोर्ड यानं ते भाड्यानं घेतलं. त्यावेळी चर्चच्या मंडळातला एक सदस्य म्हणे बोलला की प्रार्थनेच्या जागेचं नाटकघर करणाऱ्याचं काही भलं होणार नाही. बस, एवढाच तो शाप. कुठल्याही कमिटीत असा एक मेंबर असतोच, प्रत्येक ठरावाला 'बघा हं, पुढे पस्तावाल' म्हणणारा, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्याचं म्हणणं कुणाच्या लक्षातही राहत नाही. इथे राहिलं कारण नंतर जे घडलं ते तसं घडलं. ते घडलं नसतं तर आज हा माणूस बोलला होता हेच कुणाला माहीत नसतं.

चर्चची एक खूण मात्र तिथे टिकली. थिएटरच्या मागच्या बोळाला बॅप्टिस्ट ॲली म्हणायचे आणि लिंकनला गोळी घालून जॉन विल्क्स बूथ पळाला तो मागच्या दारानं याच बोळात, तिथूनच घोड्यावर बसून पसार झाला. शापवाल्यांनी इतका तयार मसाला कसा काय सोडला देव जाणे.

आता आग. ३० डिसेंबर १८६२ला संध्याकाळी ती लागली आणि आतलं सगळं गेलं. कशानं लागली? स्टेजखालच्या बिघडलेल्या गॅसमीटरनं. आजच्या मुलांना कल्पना नसते पण त्या काळात नाटकाचा सगळा उजेड गॅसचा, म्हणजे उघड्या ज्योती, आणि भोवती काय तर रंगवलेलं कापड, लाकडाच्या फ्रेम, दोर, पडदे, झालरी. आम्ही विजेवर काम केलं तरी गरम झालेल्या लाइटला पडदा टेकू नये म्हणून सारखं बघत बसायचो, तिथे तर विस्तवाशीच खेळ होता. एकोणिसाव्या शतकात थिएटरं जळायची ती सगळीकडे जळायची, आधी तिथे चर्च असो नाहीतर तबेला असो. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर घ्या, कोरं करकरीत, उघडून महिना-दीड महिना झालेला, जाहिरातीत 'अजिबात न जळणारं' म्हणून मिरवलेलं. तिथे आर्क लाइटची ठिणगी पडद्याला लागली आणि ६०२ माणसं मेली, कारण बाहेर पडायची दारं धड उघडत नव्हती, काही तर कुलूपबंद. तिथे कुठला बॅप्टिस्ट मेंबर शाप देऊन गेला होता? आणि तारीख काय होती माहितीये? ३० डिसेंबर, साल १९०३. फोर्डच्या आगीचीच तारीख. म्हणजे आता चाळीस वर्षांनी शाप आगगाडीत बसून शिकागोला गेला असं म्हणायचं का, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते ती अशी.

फोर्ड काही खचला नाही. त्यानं जळक्या जागेवर नवं थिएटर उभं केलं, चांगलं १,७०० प्रेक्षकांचं, आणि २७ ऑगस्ट १८६३ला ते उघडलं. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात, लिंकन तिथे एक नाटक बघायला आले होते त्यात प्रमुख भूमिकेत खुद्द बूथ होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण भुताच्या गोष्टीत बूथ बाहेरून अंधारातून आल्यासारखा येतो, आणि खरं तर तो त्या थिएटरच्या घरचा माणूस होता. त्याची पत्रं तिथल्या पत्त्यावर यायची. १४ एप्रिल १८६५ला दुपारी तो पत्रं घ्यायलाच गेला होता आणि तिथे त्याला कळलं की आज रात्री प्रेसिडेंट येणार. डोअरकीपरनं अडवायचा प्रश्नच नाही, विंगेतून कुठून कुठे जाता येतं ते पाठ. आणि वेळ कशी साधली बघा. 'अवर अमेरिकन कझिन' हे विनोदी नाटक त्याच्या चांगलं ओळखीचं होतं, कुठल्या वाक्याला सगळ्यात मोठा लाफ्टर येतो आणि त्या क्षणी स्टेजवर एकच नट असतो हे त्याला माहीत होतं, त्या हशातच त्यानं गोळी झाडली. लिंकन बसले होते त्या बॉक्सकडे, म्हणजे कडेच्या खास बैठकीकडे, जायच्या बाहेरच्या दाराला आतून लाकडाची पट्टी अडकवून ठेवली होती म्हणजे मागून कुणी येऊ नये. आणि पहाऱ्याला जो पोलीस होता तो जागेवरच नव्हता. एका नटानं नाटक पाठ असल्याचा फायदा घेतला आणि एका पोलिसानं ड्युटी सोडली, यात सैतानाला काही काम शिल्लक राहतं का सांगा.

जाता जाता आमच्या जातीच्या एका माणसाबद्दल, म्हणजे बॅकस्टेजवाल्याबद्दल सांगतो. नेड स्पँगलर म्हणून फोर्डकडे सुतारकाम आणि सीन हलवायचं काम करणारा माणूस होता. बूथनं मागच्या दाराशी येऊन त्याला हाक मारली, घोडा धर म्हणून. तो बिचारा नाटक चालू असताना कुठे घोडा धरत बसणार, त्यानं तो लगाम 'पीनट्स' म्हणून हाक मारायचे त्या पोऱ्याकडे दिला आणि आत गेला. याबद्दल मिलिटरी कोर्टानं त्याला सहा वर्षांची सजा ठोकली, १८६९ मधे माफी मिळाली तेव्हा सुटला. खुद्द फोर्डला, जो त्या रात्री गावातही नव्हता, ३९ दिवस तुरुंगात ठेवलं. चोर सोडून संन्याशाला म्हणतात तो प्रकार. फोर्ड्स थिएटरमधे कुणाचा आत्मा अस्वस्थ असायचाच असेल तर तो स्पँगलरचा असायला हवा, पण त्याचं भूत कुणालाच दिसत नाही कारण टुरिस्टांना तो माहीत नाही.

शापाची गोष्ट पक्की झाली ती खरं तर खुनानंतर. तो दिवस गुड फ्रायडे होता. दोन दिवसांनी ईस्टरचा रविवार, चर्चं खच्चून भरलेली, आणि अनेक पाद्र्यांनी प्रवचनात हळहळ व्यक्त केली की आमचा प्रेसिडेंट मेला तो कुठे, तर नाटकगृहात, तेही गुड फ्रायडेला. त्यांना दुःख झालं होतं हे खरंच, पण त्यात नाटकवाल्यांबद्दलची जुनी अढी पण होती. ही अढी किती खोल होती त्याचा एक किस्सा सांगतो. १८७०च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधे जॉर्ज हॉलंड नावाचा म्हातारा नट वारला. त्याचा मित्र जोसेफ जेफरसन, तोही मोठा नट, अंत्यविधीचं विचारायला एका चर्चमधे गेला तर मयत माणूस नट होता म्हटल्यावर तिथल्या पाद्र्यानं हात वर केले आणि सांगितलं, कोपऱ्यावर एक छोटं चर्च आहे तिथे असलं करतात. जेफरसन म्हणाला, मग देव त्या कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चचं भलं करो. तेव्हापासून ते चर्च 'लिटल चर्च अराउंड द कॉर्नर' म्हणूनच ओळखलं जातं आणि अमेरिकेतल्या नटमंडळींचं ते हक्काचं ठिकाण झालं. हा जेफरसन म्हणजे १८५८ मधे 'अवर अमेरिकन कझिन' पहिल्यांदा न्यूयॉर्कला लागलं तेव्हा त्यातला अमेरिकन कझिन करणारा नट, त्याच भूमिकेचं वाक्य चालू असताना लिंकनना गोळी लागली. तर सांगायचं काय की त्या मेंबरनं जो शाप दिला तो देवाचा कोप वगैरे काही नव्हता, नाटकवाले म्हणजे हलके लोक ही त्या काळातल्या बऱ्याच भल्या माणसांची समजूत होती, ती त्याच्या तोंडून आली. आपण आज ती शाप म्हणून रंगवून सांगतो तेव्हा ती समजूतच पुढे चालवतो. निदान नाटकाच्या वेड्यांनी तरी हे करू नये.

खुनानंतर फोर्डनं थिएटर परत उघडायचा प्रयत्न केला, लोकांनी जाळून टाकायच्या धमक्या दिल्या, सरकारनं टाळं लावलं. फोर्डला ८८ हजार डॉलर मिळाले आणि इथे यापुढे करमणूक होणार नाही असा हुकूम निघाला. आतलं स्टेज, बाल्कन्या, बॉक्स सगळं तोडून तीन मजली ऑफिस बनवलं. हे लक्षात ठेवा, कारण आज ज्या स्टेजवर बूथचं भूत धावतं म्हणतात ते स्टेज १९६०च्या दशकात बांधलेलं आहे. जुन्या थिएटरच्या बाहेरच्या भिंती काय त्या उरल्या होत्या, आतलं सगळं जुने फोटो बघून नव्यानं केलेलं, १९६८ मधे पुन्हा नाटकं सुरू झाली. बूथच्या बुटाखालची फळी कधीच गेली. भूत फळीला नाही जागेला चिकटतं असं कुणी म्हणेल, म्हणोत बापडे.

आणि मधल्या वीसेक वर्षांत या इमारतीत काय होतं ते ऐका. तिसऱ्या मजल्यावर १८८७ पर्यंत आर्मी मेडिकल म्युझियम होतं, लढाईत जखमी झालेल्यांच्या हाडांचे नमुने वगैरे. त्यात बूथच्या मानेचे मणकेसुद्धा होते, पोस्टमॉर्टेमच्या वेळी काढून ठेवलेले. म्हणजे ज्या इमारतीत खून केला तिथेच खुन्याची हाडं, लोकांना बघायला. हे कुणी बनवून सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं जरा अति होतंय. पण हे खरं असून भुताच्या गोष्टीत क्वचितच येतं, कारण म्युझियममधल्या हाडापेक्षा थंड वाऱ्याची झुळूक जास्त खपते.

त्या झुळकेबद्दल बोलूच. तिथली सगळ्यात गाजलेली गोष्ट अशी की स्टेजवर एका ठिकाणी, बूथ पळाला त्या वाटेवर, अचानक गार वाटतं, नट थरथरतात आणि वाक्यं विसरतात. मी शपथेवर सांगतो, असं स्टेज मी आजवर पाहिलेलं नाही ज्यावर अशी गार जागा नाही. दोन-दोन किलोवॉटच्या लाइट्सखाली नट घामाघूम, वर पडदे ओढायला रिकामी उंची, मागे विंगेचं दार कुणीतरी चहावाल्यासाठी उघडं टाकलेलं, मग हवा कुठून तरी अंगावर येणारच की. आणि ब्लँक होण्याचं तर विचारूच नका. एखाद्या नटाला तुम्ही सांगितलंत की या खुणेवर उभं राहिलं की भले भले वाक्य खातात, तर तो पहिल्याच प्रयोगाला तिथे वाक्य खाणार. बरं तिथे तर समोर ती बॉक्स, झेंडे लावलेली, मुद्दाम रिकामी ठेवलेली, लाइट पडला की डोळ्यात भरणारी. असल्या बॉक्सकडे तोंड करून विनोदी नाटक करायचं म्हणजे कुणाचीही जीभ अडखळेल, त्याला भूत कशाला पाहिजे.

दुसरी गोष्ट फोटोची. मॅथ्यू ब्रॅडी या फोटोग्राफरनं खुनानंतर रिकाम्या बॉक्सचा फोटो काढला त्यात म्हणे एक अंधुक माणूस दिसतो आणि तो बूथ आहे. त्या काळी ओल्या काचेवर फोटो घ्यायचे आणि थिएटरच्या आत तेवढ्या उजेडात भिंग चांगलं बराच वेळ उघडं ठेवावं लागायचं. तेवढ्यात कुणी चार सेकंद येऊन उभं राहून निघून गेलं तरी त्याचा धुरकट आकार काचेवर राहतो, आरपार दिसणारा. फोटोग्राफरचा पोऱ्या असेल, पहाऱ्याचा शिपाई असेल.

या धुरकट फोटोंचा तेव्हा रीतसर धंदा होता हो! विल्यम ममलर नावाचा माणूस तुमच्या गेलेल्या माणसाचं भूत तुमच्या मागे उभं करून फोटो काढून द्यायचा. १८६९ मधे न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, सर्कसवाला बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला आणि असले फोटो किती सहज बनतात हे दाखवायला त्यानं दुसऱ्या फोटोग्राफरकडून स्वतःचा फोटो काढून घेतला होता, मागे लिंकनचं भूत! तरीही ममलर सुटला. आणि तीनेक वर्षांनी त्याच्याकडे फोटो काढायला कोण आलं तर लिंकनची विधवा मेरी, काळ्या कपड्यात. तिच्या फोटोत मागे लिंकन उभे आहेत, तिच्या खांद्यांवर हात ठेवून. ती जन्मभर हा फोटो खरा मानत होती असं दिसतं. या बाईचा मुलगा विली १८६२ मधे व्हाइट हाउसमधेच तापानं गेला होता, तेव्हापासून ती प्लँचेटवाल्यांच्या नादी लागली होती, मग नवरा डोळ्यासमोर मारला गेला, १८७१ मधे धाकटा मुलगा टॅड गेला, आणि १८७५ मधे उरलेल्या मुलानं, रॉबर्टनं, कोर्टात जाऊन तिला वेडी ठरवून दवाखान्यात ठेवलं. आणि आता आपण काय सांगतो, तर तिचं भूत बॉक्सच्या कठड्यावरून वाकून स्टेजकडे बोट दाखवतं. भुताच्या नावाखाली जिवंतपणी लुबाडलं, मेल्यावर तिलाच भूत केलं. मला हे वाचताना हसू येत नाही.

आता १८९३. म्युझियम हललं तरी इमारतीत युद्ध खात्याचं रेकॉर्ड अँड पेन्शन ऑफिस होतंच. काम काय तर यादवी युद्धातल्या सैनिकांची रजिस्टरं, हॉस्पिटलांच्या याद्या, फाटायला आलेले हजेरीपट, यातलं एकेका शिपायाचं नाव, पलटण, कुठे जखमी झाला, कधी सुटला, हे सगळं हातानं कार्डांवर उतरवायचं, म्हणजे त्याचा किंवा त्याच्या विधवेचा पेन्शनचा अर्ज आला की पटकन पुरावा सापडावा. खर्डेघाशी म्हणा. पण विचार करा, लिंकननी खुनाच्या सहा आठवडे आधी, दुसऱ्यांदा शपथ घेताना, जे लढले त्यांची आणि त्यांच्या मागे राहिलेल्या विधवांची, पोरांची काळजी घेऊ असं म्हटलं होतं. तो शब्द प्रत्यक्षात पाळायचं रोजचं कंटाळवाणं काम हे कारकून करत होते, तेही नेमकं लिंकनना मारलं त्याच इमारतीत.

आणि त्याच इमारतीच्या तळघरात इलेक्ट्रिक लाइटचा प्लँट बसवायचा म्हणून खोदकाम चालू होतं. वर माणसं कामावर, खाली खांबाच्या बुडाशी खणतायत, धड टेकू नाही. ९ जून १८९३ला सकाळी ऑफिस भरलेलं असताना खालचा आधार निसटला आणि पुढच्या बाजूचे मजले एकावर एक खाली आले. २२ कारकून मेले, ६८ जखमी. बांधकामातल्या माणसाला विचारा, खांबाखालची माती काढताना वरचं ओझं आधी दुसऱ्या कशावर तरी पेलायचं असतं आणि वरची माणसं हलवायची असतात, ही काही गूढविद्या नाही, तेव्हाही नव्हती. ऑफिसचा प्रमुख कर्नल एन्सवर्थ आणि कंत्राटदार यांच्यावर ठपका आला, आरोप ठेवले गेले, शिक्षा कुणालाच झाली नाही. एन्सवर्थ पुढे चढत चढत मेजर जनरल झाला. आणि लोक काय म्हणायला लागले? शाप! जुन्या चर्चचा शाप! कंत्राटदाराला याहून सोयीचं काय असणार, त्यानं स्वतः वकील लावूनही इतकं चांगलं जमवलं नसतं.

त्यात आणखी एक योगायोग झाला. बूथचा थोरला भाऊ एडविन बूथ, त्या काळचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा नट, भावाच्या करणीनं आयुष्यभर मान खाली घालून जगलेला. हाच तो ज्यानं युद्धाच्या काळात जर्सी सिटीच्या स्टेशनवर फलाट आणि गाडीच्या मधे पडणाऱ्या एका तरुणाला कॉलर धरून वर ओढलं होतं, आणि तो तरुण रॉबर्ट लिंकन निघाला. एडविन ७ जूनला वारला आणि त्याची अंत्ययात्रा न्यूयॉर्कला ९ जूनला, त्याच सकाळी, त्याच कोपऱ्यावरच्या छोट्या चर्चमधून निघाली. झालं, लोकांना आणखी काय पाहिजे! एडविनची शवपेटी उचलली आणि तिकडे इमारत पडली, असं आजही सांगतात. ते २२ जण या गोष्टीत येतात ते एका मोठ्या नटाच्या प्रेतयात्रेचं पार्श्वसंगीत म्हणून. अहो, खाली आठवडेच्या आठवडे काय खणत होते ते बघा ना आधी.

म्हणून माझा प्रश्न साधा आहे. त्या इमारतीत जीव गेला तो मुख्यतः या कारकुनांचा. लिंकन तर तिथे वारलेसुद्धा नाहीत, त्यांना समोरच्या पीटरसनच्या घरात नेलं, पलंग पुरेना म्हणून तिरके झोपवले आणि ते गेले दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी. बूथ गेला व्हर्जिनियातल्या एका शेतावर. मेरी गेली इलिनॉयमधे. पण भुतं दिसतात ती या तिघांचीच. २२ जणांपैकी एकाचंही भूत हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन जिन्यात कुणाला आडवं आल्याचं कधी ऐकलंय? टुरिस्ट गाइडला नाव माहीत असल्याशिवाय भूत होता येत नाही असा नियम दिसतोय.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत पुढच्या वेळी हा विषय निघाला, आणि निघणारच, भुतं खपतात, तर शाप या शब्दाच्या शेजारी गॅसमीटर, रिकामी पहाऱ्याची खुर्ची आणि तळघरातलं खोदकाम हे तीन शब्दही छापा. जागा कमी पडत असेल तर थंड झुळकेचं वाक्य काढा.

आपला,
एक जुना वाचक आणि जुना लाइटवाला

ता. क. लेखात लिंकनची झुलती खुर्ची अजून त्या बॉक्समधे आहे असं लिहिलंय. मूळ खुर्ची तिथे नाही. ती १९२९ मधे मोटारवाल्या हेन्री फोर्डनं लिलावात २,४०० डॉलरला घेतली आणि आज मिशिगनमधे डिअरबॉर्नला त्याच्या म्युझियममधे आहे. हा फोर्ड वेगळा, थिएटरवाल्या फोर्डशी त्याचं नातं नाही, नाहीतर कुणीतरी त्यातूनही शाप काढेल.